‘मी कोणताही धर्म मानत नाही’ : एका प्रतिज्ञेचा इतिहास

मंडळी, आजचा विषय ‘भिन्न धर्म आणि प्रेम’ असा जाहीर झाला आहे. जाहीर करणाऱ्यांनी तो चांगल्या हेतूने केला असणार; पण प्रेमाबद्दल आम्ही बोलावं असं काही त्यात उरलेलं नाही. ते काम कवींनी केलेलं आहे आणि आमच्यापेक्षा बरं केलेलं आहे. आम्ही आज एका कागदाबद्दल बोलणार आहोत. दोन वेगळ्या धर्मांच्या घरांत वाढलेली माणसं एकमेकांना भेटतात, बोलतात, पुढे एकत्र राहावंसं त्यांना वाटतं. इथपर्यंत सरकारचा काही संबंध नसतो. संबंध येतो तो लग्नाच्या वेळी. आणि या देशात जवळजवळ ब्याऐंशी वर्षं, म्हणजे १८७२ पासून १९५४ संपेपर्यंत, अशा जोडप्यापुढे सरकारने एक छापील वाक्य ठेवलं आणि सांगितलं, यावर दोघं सह्या करा, मग लग्न लावतो.

ते वाक्य साधारण असं होतं: मी ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन धर्म मानत नाही.

आठ धर्मांची नावं आणि शेवटी एक नकार. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे वाक्याचं कुतूहल आम्हाला जरा जास्तच. हे वाक्य खरं केव्हा असतं? खोटं केव्हा? ते उच्चारल्याने माणसाचं काय होतं? आणि ज्यांनी ते लिहिलं त्यांना हे प्रश्न पडले होते का? पडले होते, असं आमचं मत आहे. पण त्यांनी त्यांच्याकडे कानाडोळा केला.

मुळात हे वाक्य प्रेमिकांसाठी लिहिलेलंच नव्हतं. ते लिहिलं गेलं ब्राह्मो समाजामुळे. राममोहन राय यांनी १८२८ साली ज्याची स्थापना केली त्या समाजात १८६६ साली फूट पडली. देवेंद्रनाथ ठाकूर एकीकडे राहिले, तरुण केशवचंद्र सेन दुसरीकडे गेले. केशवचंद्रांची मंडळी होम, शाळिग्राम, देवक असलं काही न करता लग्नं लावू लागली, आणि जातीबाहेरही लावू लागली. मग कोणाच्या तरी डोक्यात व्यवहारी शंका आली, की ही लग्नं कायद्याने लग्नं आहेत का? सरकारी विधिज्ञाला विचारलं. त्याने सांगितलं, नाहीत. आता विचार करा, एका अख्ख्या समाजाला एके दिवशी कळतं की आपली मुलं कायद्याच्या नजरेत औरस नाहीत. घाबरगुंडी उडणारच. केशवचंद्रांनी सरकारकडे अर्ज केला.

तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेमंत्री होते हेन्री मेन. प्राचीन कायद्याचे थोर अभ्यासक. त्यांनी १८६८ साली एक उदार मसुदा आणला. ज्याला आपल्या धर्माच्या विधीने लग्न करायचं नाही, अशा कोणाही बिगरख्रिस्ती माणसाला नोंदणीने लग्न करता यावं, एवढाच त्याचा आशय. प्रांतोप्रांतींच्या सरकारांनी त्याला विरोध केला. कारण? असा कायदा झाला तर कुठलाही हिंदू हिंदू राहून हवं तिथे लग्न करील आणि वर वारसा मागेल. तो मसुदा बारगळला. पुढचे कायदेमंत्री जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी केवळ ब्राह्मोंपुरता मसुदा केला. त्यावर देवेंद्रनाथांचा आदि ब्राह्मो समाज उठला. ते म्हणाले, आम्ही ब्राह्मो आहोत आणि हिंदूही आहोत. ब्राह्मो या नावावर वेगळा कायदा करून तुम्ही आम्हाला हिंदू धर्माबाहेर का ढकलता? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

स्टीफनसाहेबांनी मग वकिली तोडगा काढला. नाव ब्राह्मोंचं घ्यायचं नाही, कोणाचंच घ्यायचं नाही. जो माणूस या आठांपैकी कोणताच धर्म मानत नाही असं लिहून देईल, त्याच्यासाठी हा कायदा. हिंदू समाजाला सांगता आलं, की तुमच्या कायद्याला आम्ही हात लावलेला नाही, जो स्वतःहून बाहेर पडला त्याची आम्ही सोय केली. १८७२ चा तिसरा कायदा तो हाच. एकपत्नीत्वाची सक्ती, मुलाचं वय किमान अठरा, मुलीचं चौदा, एकवीस वर्षांखाली असल्यास पालकांची संमती, चौदा दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. त्या काळाच्या मानाने या तरतुदी चांगल्याच होत्या. मुलीला चौदा वर्षांपर्यंत थांबायला लावणं ही तेव्हा केवढी गोष्ट होती हे वेगळं सांगायला नको. (केशवचंद्रांनाच ती झेपली नाही. १८७८ साली त्यांनी आपल्या मुलीचं लग्न कूचबिहारच्या राजाशी लावलं, तेव्हा वधू चौदाची नव्हती आणि वर अठराचा नव्हता. त्यावरून समाज पुन्हा फुटला आणि साधारण ब्राह्मो समाज निघाला. असो.)

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. याच स्टीफन यांनी याच १८७२ साली आपला पुरावा कायदा तयार केला. खरं काय, खोटं काय, कोणतं विधान ग्राह्य धरायचं, कोणतं नाही, याचा तो ग्रंथच. दीडशे वर्षं आपल्या कोर्टांनी तो वापरला. सत्यासत्याची इतकी बारीक चाळणी करणाऱ्या माणसाने त्याच वर्षी, त्याच टेबलावर एक असं वाक्य छापलं, की पुढे कितीएकांनी ते खोटं आहे हे माहीत असून त्यावर सही केली, आणि ते घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते ठाऊक असायचं.

आता वाक्याकडे नीट बघू. ‘धर्म मानत नाही.’ आपल्याकडे माणूस धर्म मानतो, धर्म पाळतो आणि एखाद्या धर्माचा असतो. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. देव न मानणारा, सोवळं न पाळणारा माणूस आपल्याकडे हिंदू असतोच, कारण तो तसा जन्मला आहे. कायद्याचं वाक्य मात्र इंग्रजी डोक्यातून आलेलं. तिथे धर्म म्हणजे एक कबुली, मी अमुक अमुक मानतो असं जाहीर सांगणं. त्यामुळे कलकत्त्याचा एखादा सुशिक्षित तरुण ‘मी हिंदू धर्म मानत नाही’ असं लिहितो, तेव्हा त्याची मतं बघितली तर ते खरंही असेल. पण त्याच्या आईला ते ऐकू येतं ते असं, की मी तुमचा नाही. वाक्य एक, अर्थ दोन. त्याला जात जाते, घर जातं, पण मनाशी तो म्हणू शकतो की मी खोटं बोललो नाही.

मुसलमानाचं किंवा ख्रिस्ती माणसाचं तसं नाही. त्याच्या बाबतीत कबुली हाच धर्माचा गाभा. मुसलमान होतो कशाने, तर कलमा उच्चारल्याने. मग ‘मी इस्लाम मानत नाही’ हे वाक्य लिहून देणं हा नुसता कागदी सोपस्कार उरत नाही. त्याच्या धर्मात ती उघड धर्मत्यागाची कृती होते. म्हणजे एकच छापील वाक्य, पण एकाकडून त्याची बिरादरी मागतं आणि दुसऱ्याकडून त्याचा ईश्वर. कायद्यापुढे सगळे समान असं आपण म्हणतो, पण समान वाक्याचं वजन सगळ्यांच्या पाठीवर समान पडत नाही. (ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती जोडप्याला त्याच वर्षी झालेल्या ख्रिस्ती विवाह कायद्याची एक वाट होती, हेही सांगायला हवं. बाकीच्यांना ती नव्हती.)

महाराष्ट्रात या कायद्याचं सुरुवातीला फारसं काही झालं नाही. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला तो केशवचंद्रांच्या प्रेरणेने, पण रानडे, भांडारकर ही मंडळी आपण हिंदूच आहोत यावर ठाम होती. ‘मी हिंदू धर्म मानत नाही’ असं लिहून देण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडची सुधारणा घरात राहून, कुरकुरत, कधी प्रायश्चित्त घेत झाली. जोतिरावांनी वेगळाच मार्ग धरला. १८७३ साली सत्यशोधक समाज काढून त्यांनी भटाशिवाय लग्नं लावली, मंगलाष्टकं स्वतः रचली, आणि सरकारकडून परवानगीचं वाक्य मागितलं नाही.

मुंबईत मात्र हे वाक्य एका घराच्या दारात असं काही येऊन उभं राहिलं, की त्याची हकीकत जरा सावकाश सांगावी लागेल.

१९०८ पासून सुरुवात करू. रतनजी दादाभाई टाटा यांनी सुझान नावाच्या फ्रेंच मुलीशी लग्न केलं. जेआरडींची ही आई. तिला जरथुश्त्री धर्माची दीक्षा दिली, नवजोत झाली. आता ती पारशी झाली का? अग्यारीत जाऊ शकते का, मेल्यावर तिला दोखम्यात जागा आहे का? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. फिर्यादी पक्षात, म्हणजे धर्मांतरिताला हक्क मिळावेत असं म्हणणाऱ्या बाजूला, सर दिनशा पेटिट होते. दावर आणि बीमन या न्यायमूर्तींनी ते मान्य केलं नाही. पारशी कोण याची व्याख्या त्यांनी करून टाकली, ती आजवर उद्धृत होते: मूळच्या इराणी निर्वासितांचे वंशज, ज्यांचे आईवडील दोघेही जरथुश्त्री; इराणातून आलेले जरथुश्त्री; आणि पारशी बापाची परजातीच्या बाईपासून झालेली, रीतसर धर्मात घेतलेली मुलं. पारशी आईची परजातीच्या पुरुषापासून झालेली मुलं या यादीत नाहीत. सर दिनशा हे नाव आणि ही यादी, दोन्ही लक्षात ठेवा.

दुसरा धागा कलकत्त्याचा. १९११ साली भूपेंद्रनाथ बसू यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात एक विधेयक आणलं. १८७२ च्या कायद्यातलं ते नकाराचं वाक्य काढून टाका, एवढीच मागणी. हिंदूने हिंदू राहून, मुसलमानाने मुसलमान राहून नोंदणीने लग्न करावं. विरोध दोन्हीकडून झाला. सरकारच्या वतीने कायदेमंत्री सय्यद अली इमाम यांनीही विरोध केला. कुराणाला ते धरून नाही हा त्यांचा एक मुद्दा. १९१२ च्या चर्चेत मुंबईच्या मुसलमान मतदारांनी निवडून दिलेला एक बॅरिस्टर विधेयकाच्या बाजूने उभा राहिला. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा होता: काळाप्रमाणे मुसलमानी कायद्यात या देशात आधीही बदल झालेले आहेत, गुन्ह्यांचा कायदा बदलला, कराराचा बदलला, तेव्हा कोणी अडवलं नाही, बहुसंख्यांना एखादी गोष्ट आवडत नाही म्हणून ज्यांना ती हवी आहे त्या थोड्यांना ती का नाकारायची? विधेयक पडलं. बॅरिस्टरचं नाव महंमद अली जिना.

आता पुढचं कोणाला कादंबरीत लिहायला सांगितलं तर संपादक म्हणेल, फार जुळवून आणलंय. १९१६ च्या उन्हाळ्यात जिना दार्जिलिंगला सर दिनशा पेटिट यांच्याकडे उतरले. सर दिनशांची मुलगी रतनबाई, सगळे रत्ती म्हणत, सोळा वर्षांची. जिना चाळिशीला आलेले. न्यायमूर्ती छगला, जे तरुणपणी जिनांच्या चेंबरमध्ये होते, ते आपल्या आत्मचरित्रात सांगतात, की जिनांनी सर दिनशांना सहज विचारावं तसं विचारलं, भिन्न समाजांतल्या विवाहांबद्दल तुमचं मत काय? सर दिनशा म्हणाले, फार चांगलं, त्याने देशाच्या ऐक्याला मदत होईल. त्यावर जिना शांतपणे म्हणाले, मला तुमच्या मुलीशी लग्न करायचं आहे. सर दिनशा भडकले. त्यांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला. मुलगी अज्ञान आहे तोवर भेटायचं नाही.

सर दिनशांना दुटप्पी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि बहुतेक लेखक तसं करतातही. आम्हाला ते तितकंसं पटत नाही. मुलगी सोळाची आणि मागणी घालणारा बापाच्या वयाचा, एवढं एकच कारण कुठल्याही बापाला पुरेसं होतं. पण धर्माचं म्हणाल, तर याच माणसाने आठ-दहा वर्षांपूर्वी परधर्मातून आलेल्या सुनेच्या हक्कासाठी कोर्टाची पायरी चढलेली होती. बाहेरून आत येणाऱ्या सुनेसाठी भांडणारा बाप आतून बाहेर जाणाऱ्या मुलीला अडवतो. आणि ती १९०८ ची व्याख्याही हेच म्हणत होती, नाही का? बापाकडून रेषा चालते, आईकडून तुटते. रत्तीची मुलं पारशी होणार नव्हती.

२० फेब्रुवारी १९१८ ला रत्ती अठरा वर्षांची झाली. आता कायदेशीर मार्ग कोणते होते ते बघा. पारशी विवाह कायदा १८६५ चा, त्यात वधू-वर दोघे पारशी हवेत. तो गेला. इस्लामी निकाह लावायचा तर वधूने धर्म बदलल्याशिवाय अडचण. उरला १८७२ चा कायदा. तो दोघांना खुला होता, पण जिनांना लिहून द्यावं लागलं असतं, की मी मुसलमान धर्म मानत नाही. आणि ते कायदेमंडळात बसले होते मुसलमानांच्या राखीव जागेवरून. धार्मिक आचारात ते किती मुसलमान होते हा प्रश्न निराळा. विलायती राहणीचा, नमाजाशी फार संबंध नसलेला हा माणूस. पण ‘मानत नाही’ असा सही केलेला कागद म्हणजे राजकारणाचा शेवट. म्हणून वाक्य त्यांनी लिहून दिलं नाही. वाक्य रत्तीने उच्चारलं, दुसरं. १८ एप्रिल १९१८ रोजी मुंबईच्या जामा मशिदीत तिने इस्लाम स्वीकारला, आणि दुसऱ्या दिवशी मलबार हिलवरच्या जिनांच्या बंगल्यात निकाह झाला.

सहा वर्षांपूर्वी बसूंचं विधेयक मंजूर झालं असतं तर? इतिहासात जर-तर करू नये असं आमचे गुरुजन सांगत. पण हा जर-तर राजकारणाचा नाही, एका कलमाचा आहे, आणि त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात स्वच्छ आहे: दोघंही जिथे होती तिथे राहून लग्न झालं असतं. ज्या दोरीला विरोध करायला तो बॅरिस्टर उभा राहिला होता, तीच त्याच्या पायात आली, आणि त्याने ती सोडवली ती अठरा वर्षांच्या मुलीकडून किंमत घेऊन. माहेर तिला कायमचं तुटल्यासारखं झालं. २० फेब्रुवारी १९२९ रोजी, आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, ती गेली. माझगावच्या खोजा कबरस्तानात तिचं दफन झालं. पारशी घरात जन्मलेल्या मुलीचं.

त्यांची मुलगी दिना. १९३८ साली तिने नेव्हिल वाडियांशी लग्न केलं. पारशी कुळातला, ख्रिस्ती घरातला मुलगा. जिनांनी विरोध केला. छगलांनीच दिलेली हकीकत अशी, की जिना म्हणाले, देशात लाखो मुसलमान मुलगे आहेत, त्यांतला एक तुला मिळाला नाही? मुलीने विचारलं, मुसलमान मुलीही लाखो होत्या, मग तुम्ही माझ्या आईशी का लग्न केलंत? यावर जिना काय म्हणाले असतील ते तर्काने सांगता येईल. आणि त्यांना ते म्हणता आलं, ते १८ एप्रिलच्या त्या वाक्यामुळेच.

या सगळ्या काळात कायदा अगदीच थिजलेला नव्हता. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली हिंदूंतल्या आंतरजातीय विवाहांना मान्यता देणारं विधेयक आणलं, त्यावर आमच्या पुण्यात काय गदारोळ झाला तो एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. शाहू महाराजांनी त्याला उघड पाठिंबा दिला आणि १९१९ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदाच केला. ब्रिटिश मुलखात काम तडीस नेलं ते नागपुरात वकिली गाजवलेल्या हरिसिंग गौर यांनी. त्यांच्या प्रयत्नाने १९२३ साली १८७२ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांनी आपापसांत लग्न करायचं असेल तर नकाराचं वाक्य लागणार नाही.

फुकट मात्र नाही. दुरुस्तीने वाक्य काढलं आणि त्याची शिक्षा कलमांत घालून ठेवली. असं लग्न करणारा माणूस एकत्र कुटुंबातून आपोआप वेगळा झाला असं धरायचं. त्याला दत्तक घेण्याचा हक्क नाही. आणि सगळ्यात विलक्षण कलम: तो एकुलता मुलगा असेल तर त्याच्या जिवंतपणी त्याच्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घेता येईल. म्हणजे काय, तर तो मेला असं समजायचं. आपल्याकडे माणसाला वाळीत टाकायची धार्मिक पद्धत म्हणून जिवंत माणसाच्या नावाने घागर फोडत असत. ती आता राजपत्रात छापली गेली. आणि हे चार धर्म एकीकडे, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, यहुदी दुसरीकडे, अशी नवी भिंत उभी राहिली. भिंतीपलीकडच्या माणसाशी लग्न करायचं तर जुनं वाक्य होतंच.

पण सगळे अडथळे कायद्याचे नव्हते. १९२६ सालचं एक पत्र आहे. गांधींचा दुसरा मुलगा मणिलाल दक्षिण आफ्रिकेत होता. केपटाऊनच्या गुल कुटुंबातल्या फातिमाशी त्याचं बरीच वर्षं प्रेम होतं. लग्न करू इच्छितो, असं वडिलांना कळवलं. गांधींनी उत्तर दिलं ते नकाराचं. दोघांनी आपापला धर्म ठेवला तर एका म्यानात दोन तलवारी होतील. मुलांचा धर्म कोणता असणार. आणि लग्नासाठी तिने धर्म बदलणं हे तर धर्मच नव्हे. शिवाय हिंदू-मुसलमान प्रश्नावर याचा परिणाम होईल, ही काळजी. आम्हाला या पत्रातला एक मुद्दा नेहमी अस्वस्थ करतो. धर्म ठेवूनही नाही, बदलूनही नाही, म्हणजे स्टीफनसाहेबांनी निदान एक फट ठेवली होती, इथे तीही नाही. मणिलालने ऐकलं. पुढच्या वर्षी त्याचं लग्न आमच्या अकोल्याच्या मशरूवाला कुटुंबातल्या सुशीलाशी झालं. फातिमाचं पुढे काय झालं हे गांधींच्या चरित्रकारांना फारसं महत्त्वाचं वाटलेलं नाही.

त्याच गांधींनी १९४२ साली इंदिरा नेहरू आणि फिरोझ गांधी यांच्या लग्नाला जाहीर पाठिंबा दिला. केवळ लग्नापायी कोणी धर्म बदलावा याला आपला विरोध आहे, असं त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं. सोळा वर्षांत माणूस किती चालला ते यावरून मोजता येतं. आणि कायदा किती चालला नव्हता, तेही. कारण हिंदू आणि पारशी ही जोडी १९२३ च्या दुरुस्तीत बसत नव्हती. नोंदणी करायची तर दोघांनी ते जुनं वाक्य लिहून द्यायला हवं होतं. २६ मार्च १९४२ ला अलाहाबादच्या आनंदभवनात वैदिक विधीने लग्न झालं, म्हणजे तेव्हाच्या कायद्याच्या काटेकोर नजरेत त्याचं स्थान शंकास्पदच. उद्याच्या पंतप्रधानाच्या घरातलं हे लग्न. ज्यांच्या मागे आनंदभवन नव्हतं, त्यांनी काय करायचं?

याला उत्तर आलं ते १९५४ साली. कायदेमंत्री चारुचंद्र बिस्वास यांनी मांडलेला विशेष विवाह कायदा मंजूर झाला, १ जानेवारी १९५५ पासून लागू झाला. कोणत्याही धर्माच्या कोणाही दोघांना आपापला धर्म ठेवून लग्न करता येईल. वराचं वय एकवीस, वधूचं अठरा. आठ नावांचं ते वाक्य गेलं. भूपेंद्रनाथ बसूंनी जे मागितलं होतं ते चव्वेचाळीस वर्षांनी लागू झालं. गोव्यात पोर्तुगीजांची नागरी संहिता होती, तिथे लग्न म्हणजे मुळातच निबंधकापुढचा करार, त्यामुळे गोवेकर श्रोत्यांना ही सगळी यातायात परकी वाटत असेल.

वाक्य गेलं हे खरं, पण त्याची सावली राहिली. हिंदूने या कायद्याखाली लग्न केलं की तो एकत्र कुटुंबातून वेगळा झाला, हे १९२३ चं कलम १९५४ च्या कायद्यातही आलं. १९७६ साली त्यात बदल झाला, पण कोणासाठी? वधू-वर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हा परिणाम होणार नाही. हिंदू मुलाने मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं तर आजही तो कायद्याने एकत्र कुटुंबाबाहेर. गौर यांच्या वेळची ती भिंत तिथेच आहे, फक्त तिला रंग दिला आहे.

आणि नोटीस. १८७२ ला चौदा दिवसांची होती, १९५४ ला ती तीस दिवसांची झाली. वधू-वरांची नावं, पत्ते कार्यालयात सगळ्यांना दिसतील अशी लावायची, आणि कोणीही यावं, हरकत घ्यावी. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांसाठी तीनदा साक्षीदार म्हणून सही केली आहे. एकदा त्या फलकासमोर उभे असताना दोन अनोळखी तरुण मोबाइलवर सगळ्या नोटिसांचे फोटो काढताना दिसले. आमच्या विद्यार्थिनीने आमच्याकडे पाहिलं. तिला काय वाटलं ते आम्ही विचारलं नाही. निकाह लावा, सप्तपदी करा, चर्चमध्ये जा, तीस दिवस कोणी तुमचा पत्ता भिंतीवर लावत नाही. स्वतःचा धर्म ठेवून, दुसऱ्याचा मान राखून लग्न करणाऱ्यालाच तेवढं उघड्यावर उभं राहावं लागतं. मग यात आश्चर्य ते काय, की पुष्कळ जोडपी अजूनही एकाने धर्म बदलण्याचा जवळचा रस्ता धरतात, आणि मग त्याच धर्मांतरावर राज्याराज्यांत नवे कायदे होतात? अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत म्हटलं, की नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर असावं. आपल्या राज्यात त्याच्या महिनाभर आधी नव्हे, तर जवळजवळ दोन वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, सरकारने अशा विवाहांची माहिती घेण्यासाठी समिती नेमली. आदेशात आधी आंतरजातीय आणि आंतरधर्मीय दोन्ही होते. काही दिवसांतच आंतरजातीय शब्द गळला. उरलं ते कोणासाठी, हे तुम्हीच बघा.

शेवटी पुन्हा पारशांकडे जाऊ, कारण तो धागा अजून सुटलेला नाही. गुजरातमधल्या एका पारशी स्त्रीने हिंदू पुरुषाशी १९५४ च्या कायद्याखाली लग्न केलं. धर्म बदलला नाही. बदलायला लागू नये म्हणूनच तर तो कायदा. पुढे तिला शंका आली, की आईवडील गेले तर आपल्याला अग्यारीत, दोखम्याच्या विधींना जाऊ देतील का? ती कोर्टात गेली. २०१२ साली गुजरात उच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं, की लग्नानंतर स्त्रीचा धर्म नवऱ्याच्या धर्मात विलीन झाला असं गृहीत धरायला हवं. म्हणजे स्टीफनच्या काळात निदान सही मागत होते. इथे तिने काही लिहिलं नाही, काही उच्चारलं नाही, तरी तिच्या वतीने ते वाक्य कोर्टानेच वाचून दाखवलं. आणि फक्त तिच्या वतीने. पारशी पुरुषाने हिंदू बाईशी लग्न केलं तर त्याचा धर्म कुठे विलीन होत नाही. दावर-बीमन यांची यादी आठवते ना?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या पारशी न्यासाने न्यायालयाला सांगितलं, की तिला आईवडिलांच्या अंत्यविधींच्या प्रार्थनांना येऊ देऊ.